त्या नोटिशीवर माझी सही होती

संविधान दिनाला आमच्या अभ्यासिकेत जजसाहेब आले होते... त्यावर लिहायचं लिहायचं म्हणत पंधरा दिवस गेले. वेळ मिळाला नाही असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे लिहायची लाज वाटत होती.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्यापासून जवळच. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही पोरंपोरी मिळून अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी... ज्याची त्याची तयारी. पुस्तकांचं रजिस्टर माझ्याकडे असतं.

जजसाहेब आमच्याच भागातले. जिल्हा न्यायाधीश म्हणून रिटायर झाले, आता हळद लावतात. त्यांच्या कोर्टात केस हरलेली माणसंसुद्धा ते रस्त्यात दिसले की थांबून त्यांना नमस्कार करतात.

कार्यक्रम चांगला झाला. उद्देशिका सगळ्यांनी म्हटली, मी तर न बघता. साहेब दहाच मिनिटं बोलले. मग चहा येईपर्यंत खोली बघत फिरले आणि नोटीस बोर्डापाशी थांबले.

तिथे सोळा दिवसांपूर्वी लावलेली एक नोटीस होती. शाहीन नावाच्या मुलीनं संदर्भ पुस्तकाची पानं फाडल्यामुळे तिचं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे... खाली माझी सही. मला वाटलं, आमची शिस्त बघून साहेब शाबासकी देतील.

"पानं हिनंच फाडली, हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक तिच्या नावावर होतं, सर. परत आलं तेव्हा मीच बघितलं, चार पानं नव्हती."

"मंग ती काय म्हणली?"

तिला आम्ही विचारलंच नव्हतं. मी अभ्यासिकेच्या कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, पाच अंगठे आले... झाला निर्णय.

"म्हणजे तक्रार तुझी, साक्ष तुझी अन् निकालबी तुझाच." आवाज अजिबात चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "सर, हे काही कोर्ट नाही ना... आपली साधी अभ्यासिका."

"व्हय. कायद्यानं तुला कुणी काही म्हणणार न्हाई. पण आत्ता न्याय, समानता म्हणलीस ना पोरी? ते काय फक्त सरकारनं पाळायचं?" मग म्हणाले, "सरपंचाच्या पोरीच्या नावावर पुस्तक असतं, तर विचारलं असतंस का?"

शाहीनचे अब्बा फाट्यावर ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात. सरपंचाच्या पोरीला विचारलं असतं... मला ते माहीत होतं.

तरी माझा हट्ट सुटेना. "पण सर, खरंच तिनंच फाडली असतील तर?"

"असतील. तरीबी विचारायचं. तिला सोडून द्यायचं म्हणून न्हाई, आपल्याला सगळं ठाऊक नसतं म्हणून. मी तीस वर्षं त्या खुर्चीवर बसलो. फाईल वाचून मत पक्कं व्हायचं, अन् समोरचा माणूस बोलायला लागला की कितीदा मोडायचं."

मग ते चहा प्यायले आणि गेले. नोटीस काढ, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहीनच्या घरी गेले. तिच्या अम्मीनं खुर्ची दिली. शाहीन दाराशी उभीच राहिली.

"तुझी बाजू ऐकायला आले," मी म्हटलं.

"आता?"

"हो," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, पुस्तक घरी नेऊन उघडलं तर पानं नव्हती. दुसऱ्याच दिवशी येऊन तुमाला सांगितलं. तुमी फोनवर होता. हातानंच 'ठीक आहे' केलं."

...आठवलं. मैत्रिणीचा तलाठीचा निकाल लागला होता, मी तिच्याशी बोलत होते. कुणीतरी टेबलाशी येऊन काहीतरी सांगून गेलं होतं. ते रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही.

"मग नोटीस लागल्यावर का नाही आलीस?"

"कुणाकडं येऊ? सही तुमचीच होती."

तिची अम्मी हळूच म्हणाली, "लोक काय काय बोलून राहिले, बेटा. हिचे अब्बा म्हणतात, बस झाली आता पढाई." चार पानांचा विषय एवढा लांब गेला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

कमिटीतला एक जण म्हणाला, नोटीस गुपचूप काढून टाक, कशाला बोभाटा. पण ती लावली होती सगळ्यांसमोर. संध्याकाळी सगळे जमल्यावर मी उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं. माझा फोन, माझा विसर, माझी सही... सगळं. मग नोटीस काढली आणि शाहीनच्या घरी जाऊन तिच्या अब्बांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "कल से भेजता हूं."

आता आमच्याकडे कुणालाही काढायच्या आधी त्याचं ऐकायचं आणि ज्याची तक्रार आहे त्यानं निर्णयाला बसायचं नाही, असं ठरलंय.

शाहीन परत येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं मला माफ केलं की नाही, माहीत नाही... आणि ते विचारायची घाईही मला नाही.

भरतीच्या तोंडावर तिचे अठरा दिवस गेले. ते मी परत देऊ शकत नाही. साहेबांनी त्या अठराची अख्खी जिंदगी होऊ दिली नाही, एवढ्यासाठी त्यांचे आभार.