हुसेनमियाँची सागवानी खिडकी

हुसेनमियाँ मूळचे दाभोळचे. सौदीतल्या जेद्दाच्या जुन्या वस्तीतल्या घरांना रस्त्यावर झुकलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात. इथे त्यांना रोशन म्हणतात. आत वारा येतो, ऊन बाहेर राहतं. त्या दुरुस्त करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. आता इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपत आला होता आणि ज्याच्या जामिनावर तो मिळतो तो कफील तो वाढवणार नव्हता.

"जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्यांना ठिगळं लावली," ते मला म्हणाले. "जाताना एक तरी माझी म्हणून लावून जाईन."

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसकडे एका वाचनालयाचं डिझाइन होतं. एसीवरचा भार कमी व्हावा म्हणून पश्चिमेच्या भिंतीला अशा बारा खिडक्या मी सुचवल्या. वाचनालयाचा मालक म्हणाला, आधी एक लावा, उन्हाळा जाऊ दे, मग बघू. शराफिया भागातल्या आपल्या दुकानात हुसेनमियाँ दोन महिने राबले. खिडकीत एक खिळा नाही. प्रत्येक पट्टी खाचेत सैल बसवलेली.

"हलतेय की ही, चाचा."

"हलू दे. दर्याच्या हवेत लाकूड फुगतं. तुझा सदरा घट्ट शिवला तर बिर्याणी कुठे ठेवशील?"

मी हसलो. आणि ऑफिसात बसून सवयीने स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं, सगळे सांधे ग्लूने पक्के करावेत. फॅक्टरीच्या, कमी फुगणाऱ्या लाकडासाठी तसंच लिहायला शिकलो होतो. हुसेनमियाँना साइटवर जायचा पास मिळाला नाही. साइटवरच्यांनी माझा कागद वाचून सांध्यांत ग्लू भरला.

ऑगस्टच्या दमट हवेत पट्ट्या तडकल्या, चौकट उकलली. मी पोचेपर्यंत खिडकी भंगारात गेली होती. मालकाने ॲल्युमिनियमची जाळी ठरवली, तिच्यामागे कायमची बंद काच.

हुसेनमियाँना दाखवायला माझ्याकडे फोनमधला एक फोटो उरला होता. ते तो मोठा करून बराच वेळ बघत राहिले.

"खाच कमी पडली," ते म्हणाले. "नजर गेली माझी."

"नाही, चाचा. सांध्यांत ग्लू भरला. तसं मीच लिहिलं होतं." मी कागद पुढे केला.

कागद इंग्रजीत होता. त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"म्हाताऱ्याचं मन राखतोस, बाबा. एवढा शिकलेला माणूस अशी चूक करतो होय?"

मी पुन्हापुन्हा सांगितलं. ते माझ्याच पाठीवर हात फिरवत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते दाभोळला गेले. त्यांची बायको हफीजाचाची फोनवर सांगते, घरातल्या दाराची कडी निखळली तरी आता ते दुसरा सुतार बोलावतात.