गुरुवारच्या उपासाने हुकलेला खुलासा
सरांच्या दहाव्यानंतर त्यांचं कपाट आवरताना जुन्या कागदांचा कुबट वास आला आणि धायरीची एक दुपार आठवली. सदाशिव पेठेत सरांच्या हाताखाली चाललेल्या मानसशास्त्राच्या प्रयोगात आम्ही लोकांकडून शब्दांची यादी पाठ करून घ्यायचो आणि उत्तरं कशीही आली तरी “तुमची स्मरणशक्ती फार कमी आहे” असं मुद्दाम सांगायचो, त्याचा परिणाम बघायला. ते खोटं होतं, हा खुलासा शेवटी पोह्यांच्या बशीबरोबर व्हायचा. एका बाईंचा गुरुवारचा उपास होता, म्हणून त्या पोह्यांना न थांबताच निघून गेल्या. हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तेव्हा सर म्हणाले, “अहो, बाकीचं राहू द्या, आधी त्यांच्या घरी जा.” मी धायरीला पोचले तोवर बाईंनी आपण विसरू या भीतीपोटी नवऱ्याला इन्सुलिन द्यायचं काम शेजारणीवर सोपवलं होतं. मी हात जोडून खरं काय ते सांगितलं. “म्हंजे मी ठीक हाय?” असं त्यांनी विचारलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एवढं शिकून खोटंच बोलायचं व्हतं व्हय?” आणि लगेच त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, “अगं, आजपासून सुई मीच देनार!” सरांनी तो प्रयोग तिथेच थांबवला. सर गेल्यापासून आज पहिल्यांदा मला जरा हायसं वाटलं; त्यांच्यामुळे आमचं खोटं त्या बाईंच्या मनात एकच दिवस राहिलं होतं.