मारुती हेंद्रे यांचं विरघळणारं अस्तर

देवासचे मारुती हेंद्रे बँडवाल्यांचे कोट शिवत. लाल मखमल, सोनेरी फीत, खांद्यावर झालर. त्यांचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर अंगरखे शिवायला माळव्यात आले. दरबार गेला, अंगरखे गेले, राजासारखे कपडे घालणारे बँडवाले तेवढे उरले. मारुतरावांनी शिवलेली कॉलर चाळीस वर्षांत कधी मान टाकून पडली नाही. आत बकरमचं ताठ कापड घालण्यात त्यांनी कधी कसूर केली नव्हती.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या उजव्या फुप्फुसावर फुगे आले. डॉक्टर याला फुगेच म्हणाले, त्यामुळे मारुतरावांना हसू आलं, आणि हसताना दम लागला. इंदूरला ऑपरेशन ठरलं.

घोळ केला तो त्यांच्या बायकोनं. तिला सगळी आळी माई म्हणे. शेजारच्या बळवंतरावांच्या मांडीतली स्टीलची पट्टी काढली, तेव्हा त्यांनी ती ढोल वाजवत गावच्या टेकरीवर नेऊन माताजीला वाहिली होती. ते माईच्या मनात बसलं होतं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी तिनं हात जोडले. "आई, ह्यांच्या अंगात जे काही घालतील ते तुझ्या पायाशी आणून वाहीन. तोवर मीठ खाणार नाही."

काय घालणार आहेत, हे विचारायचं मात्र राहिलं.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेल्यावर माईनं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर अपेक्षाला विचारलं, "बाई, आतलं सामान कधी काढणार?"

"कसलं सामान, काकू? फुगे कापून कडा बारीक पिनांनी शिवलीय, त्या जन्मभर राहतील. पिनांखाली एक पट्टी आहे, ती आपोआप विरघळेल. काही महिन्यांनी शोधूनही सापडायची नाही."

मारुतराव खुर्चीत ताठ झाले. "अस्तर विरघळतं?"

अपेक्षानं खणातून नमुन्याची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. पांढरी, हलकी, स्पंजासारखी. "फुप्फुस सगळीकडे सारखं जाड नसतं, काका. पिना मात्र एकाच उंचीच्या. जाड जागी ही जास्त दबते, पातळ जागी कमी दबून उरलेली जागा भरते. म्हणजे हवा गळत नाही."

मारुतरावांनी पट्टी अंगठ्यानं दाबली. ती दबली आणि हळूच वर आली. "बगलेत चार पदर येतात, पुढे बाहीत दोन. तिथं मीही पट्टी घालतो. पण माझी पट्टी काम अर्धं टाकून पळत नाही."

"तुमचा कोट आपला आपण जुळत नाही. फुप्फुस जुळतं. मग पट्टीचं काय काम?"

मारुतरावांनी पट्टी टेबलावर ठेवली. कोट जुळत नाही, हे खरंच होतं.

माईनं नवसाची गोष्ट सांगितली. मारुतरावांनी तडजोड सुचवली. "एकच पिन काढा. कडेची. माझ्या कोटाला बारा बटणं असतात, त्यातली सहा नुसती शोभेची. तशी एखादी असेलच."

"आमच्यात शोभेचं काही नसतं, काका. हा नमुना घेऊन जा, तो वाहा."

"हा ह्यांच्या अंगात होता का?" माईनं विचारलं.

"नाही."

"मग देवीला फसवू म्हणता?"

घरी अळणी वरण, अळणी भाजी सुरू राहिली. माईला बीपीची गोळी होती, तीही अंगातलं मीठ काढणारी, त्यात हे. महिन्याभरात ती नळावर चक्कर येऊन पडली. रक्तात मीठ फार उतरलंय, असंच चाललं तर जिवावर बेतेल, असं गावातल्या डॉक्टरनं बजावलं. मुलगा धीरज डोकं धरून बसला. "माई, भगवान को सब पता है ना!"

"पता है म्हणून तर," माई म्हणाली.

मारुतरावांची झोप उडाली. आपण वाचलो आणि आपल्या पायी ही जाणार. शिवाय पट्टी रोज थोडी थोडी कमी होत होती. त्यांनी अपेक्षाला फोन करून विचारलं, पट्टी जाते तरी कुठे? ती म्हणाली, शेवटी बरंचसं पाणी होतं आणि काही श्वासावाटे बाहेर पडतं.

माईनं लगेच लोणच्याची बरणी धुऊन पुढे केली. "अहो, फुंका यात."

मारुतराव फुंकत, माई झटकन झाकण लावी. तीन दिवसांत चार बरण्या भरल्या. मग तिलाच शंका आली. "यातला पट्टीचा श्वास कोणता आणि तुमचा कोणता?"

"ते कसं सांगू? अगं, अस्तर कापडातच मुरलं तर उसवून देता येत नाही," मारुतराव म्हणाले आणि थांबले. "मग अख्खा कोट द्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टेकरी चढली. दर वीस पायऱ्यांवर एकाला धाप लागे, एकीला चक्कर येई. आळीपाळीनं बसत दीड तास लागला.

"क्या चढ़ाना है?" पुजाऱ्यानं विचारलं.

"हे," माई म्हणाली.

पुजाऱ्यानं मारुतरावांकडे पाहिलं. "पूरे?"

"पूर्ण. पिनांसकट."

लोक तान्ही मुलं देवीच्या पायाशी ठेवून नारळ देऊन परत घेत, त्यामुळे पुजारी फारसा दचकला नाही. त्यानं उपरणं अंथरलं. मारुतराव त्यावर आडवे झाले. पाय बाहेर राहिले, ते त्यांनी पोटाशी घेतले. मागून रांगेतला एक जण म्हणाला, "भिया, ये उम्र में?"

पुजाऱ्यानं कपाळाला कुंकू लावलं. "अब ये माता का हुआ. नवस पूरा."

"पूरा ना? पक्का?" माईनं विचारलं.

"पक्का. अब नारियल दो और वापस ले जाओ."

माई तिथेच खांबाला टेकून बसली. पिशवीतून तिखटमिठाच्या शेवेचा पुडा काढला, फाडला आणि तोंडात मूठभर शेव टाकली. डोळे मिटून सावकाश चावली. मग दुसरी मूठ.

"अम्माजी, इनको?" पुजारी म्हणाला. "पीछे लाइन लगी है."

"राहू द्या थोडा वेळ," माई भरल्या तोंडानं म्हणाली. "देवीचेच आहेत."