हवालदारांना न आवडलेला सिनेमा

हवालदारांना एखादा सिनेमा आवडला असं कधी झालं नाही, आणि ते सिनेमाला आले नाहीत असंही कधी झालं नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या छोट्याशा चित्रपट मंडळाचे ते सर्वांत नियमित आणि सर्वांत नाठाळ सभासद. रविवारी सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पहिल्या रांगेत, अगदी कडेला येऊन बसत. सिनेमा संपून दिवे लागले की चर्चेसाठी मी माइक हातात घ्यायच्या आधीच त्यांचा निकाल आलेला असे. "वाया गेला रविवार." एवढं बोलून पुढचा खेळ कधी आहे ते विचारून घेत आणि मगच चपला शोधत.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मंडळात हल्ली फार शांतता असते. चर्चा छान होतात, सगळे एकमेकांशी सहमत होतात आणि मला भयंकर कंटाळा येतो.

हवालदार मूळचे वडूजकडचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला लागले आणि तिथलेच झाले. त्यांचं मत नेहमी बरोबर असे असं मी मुळीच म्हणणार नाही. परदेशी सिनेमाच्या खाली येणारी अक्षरं ते वाचतच नसत. "वाचत बसायला मी काय शाळंत आलोय व्हय?" म्हणत, आणि मग न समजलेल्या गोष्टीवर भर सभेत तुटून पडत. एकदा मी वैतागून विचारलं, "हवालदार, काहीच आवडत नाही, तर तुम्ही येता कशाला?" ते शांतपणे म्हणाले, "चांगला लागंल ह्या आशेनं येतो, सर. तुमी दाखवत न्हाई, त्याला मी काय करू?" सगळी सभा हसली. मला त्यांचा राग आला, आणि पुढच्या वेळी ते येणार की नाही याची काळजीही मलाच लागून राहिली.

त्यांचं दुःख सगळ्यांना ठाऊक होतं. एकुलता एक मुलगा, संतोष, संध्याकाळी कामावरून मोटारसायकलने घरी येत होता. उसाचा हंगाम होता. पुढे उसाने भरलेली ट्रॉली उभी, मागे ना दिवा, ना लाल पट्टी. तो थेट त्या ट्रॉलीवर गेला. ड्रायव्हरवर केस झाली आणि यथावकाश निकालातही निघाली. हवालदारीणबाई त्याआधीच गेलेल्या. घरात उरले हवालदार आणि त्यांची सून सुरेखा. ती एका दवाखान्यात कामाला जाई.

तेव्हापासून हंगाम सुरू झाला की हवालदार सुट्टीच्या दुपारी साखर कारखान्याच्या अड्ड्यावर जात. तिथे उसाच्या ट्रॉल्या नंबर लागायची वाट बघत रांगेने उभ्या असतात आणि ड्रायव्हर खाली सावलीला झोपलेले असतात. हवालदार रॉकेलच्या बोळ्याने ट्रॉलीची मागची बाजू पुसत आणि तिच्यावर लाल रेडियमची पट्टी चिकटवत. कुणी हटकलं तर एकच उत्तर, "मागनं येणाऱ्याला दिसाय पायजे." गावात याचं फार कौतुक झालं. एका संस्थेने सत्कार ठरवला, तर हे त्यांच्यावरच खेकसले, "शाल कशाला? मी काय थंडीनं मरतोय?" कौतुकाचा शब्द काढला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी शिवी दिली. आम्ही त्याला विनय समजत होतो.

आणि मग तो सिनेमा आला. आपल्याच भागातल्या एका तरुण दिग्दर्शकाने केलेला, 'मागचा दिवा' नावाचा सूडपट. मेंढपाळ बापाचा मुलगा विनादिव्याच्या ट्रॉलीवर आपटून मरतो आणि बाप एकेकाला गाठत सुटतो. हवालदारांविषयी दिग्दर्शकाने काही ऐकलं नव्हतं. आपल्याकडे असे अपघात इतके होतात की ऐकायची गरजही नव्हती.

सिनेमाची हाव मोठी होती. गोष्ट उलटी सांगितली होती, शेवटाकडून सुरुवातीकडे आणि मग पुन्हा शेवटाकडे. नायक पहिला तासभर तोंडच उघडत नाही. संगीत नाही, नुसता वारा. काही प्रसंग असे होते की मी खुर्चीत पुढे सरकून बसलो, आणि काही असे की मान खाली घातली. मुकादमाला गुऱ्हाळाच्या काहिलीत ढकलतात तो प्रसंग तर धडधडीत हास्यास्पद होता.

प्रेक्षक मात्र शिव्या घालत तुटूनच पडले. आमच्या ग्रुपवर दिवसभर मतांचा पाऊस. "एवढा हलता ऊस बघायचा, तर रानात गेलो असतो, तिकीट कशाला काढलं?" "हिरो बोलंना आणि व्हिलन थांबंना." "डोकं चालवायला लावतोय, सुट्टीच्या दिवशी!" एका प्राध्यापिकाबाईंनी लांबलचक लिहिलं की प्रयत्न धाडसी आहे पण दिग्दर्शकाला कापायचं कुठे ते कळत नाही. मला ते पटलं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: शेवट जबरदस्त. मुलाच्या तेराव्याला बापाने घरात गोडाचं जेवण होऊ दिलेलं नसतं. ड्रायव्हरला ट्रॉलीखाली चिरडून तो घरी येतो, आंघोळ करतो, सुनेला पुरणपोळ्या करायला सांगतो आणि पोटभर जेवतो. तिथे थिएटरात शिट्ट्या वाजत होत्या.

आमच्या मंडळाने खास खेळ ठेवला आणि दिग्दर्शकाला बोलावलं. त्याच्या कानावर कुणीतरी हवालदारांची हकिकत घातली होती. पोरगा हरखला. खेळानंतर पहिल्यांदा त्या काकांनीच बोलावं, असं त्याने हट्टाने सांगितलं. हवालदार नाही म्हणाले नाहीत. त्या रविवारी त्यांच्याबरोबर सुरेखाही आली, पहिल्यांदाच, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी बसली.

दिवे लागले. मी माइक त्यांच्या हातात दिला. ते उठले, खाकरले आणि म्हणाले, "सिनेमा खोटा हाय."

दिग्दर्शकाचं हसू थिजलं. "काका, म्हणजे तपशिलात काही चुकलं का?"

"तपशील लय बरोबर हायती. ट्रॉली बरोबर, ऊस बरोबर, पोलीस बी बरोबर. शेवटाला त्यो बाप जेवतोय, त्ये खोटं हाय."

हवालदार माइक तोंडाच्या अगदी जवळ धरून बोलत होते, गेटवर आलेल्या गाडीवाल्याशी बोलावं तसे.

"माझं पोरगं गेलं, तवा मी बी तेराव्याला गोड करू दिलं न्हाई. म्हनलं, आधी त्या ड्रायव्हरला गाठतो. केसमधनं सुटल्यावर गाठला. अड्ड्यावर ट्रॉलीखाली झोपला हुता. काठीनं त्याचा हात मोडला, उजवा. वरडला बी न्हाई त्यो. नुसता बघत ऱ्हायला, कोण हाय ह्यो म्हनून. घरी आलो आन् सुनंला म्हनलं, आता कर पोळ्या. ताटावर बसलो, तर घास नुसता तोंडात फिरतोय. अजून पोळी उतरत न्हाई मला. आन् ह्यो गडी पोळ्या खातोय, वर तूप मागतोय!"

मागून एक तरुण ओरडला, "मग सोडून द्यायचा का त्याला, काका?" दुसरा म्हणाला, "म्हातारं भ्यालंय!" थोडा वेळ सभेत नुसता गलका झाला. ज्यांनी सिनेमाला दिवसभर शिव्या दिल्या होत्या, तेच आता त्याच्या बाजूने भांडत होते, कारण त्यातली त्यांना आवडलेली एकमेव गोष्ट हवालदारांनी हिसकावून घेतली होती.

"सोडा नायतर मारा," हवालदार म्हणाले. "पन पोट भरंल म्हनून सांगू नका लोकास्नी."

ते वाक्य मला फार आवडलं. आता समारोप करावा म्हणून मी पुढे झालो, तेवढ्यात सुरेखा उभी राहिली. तिने माइक मागितला नाही. तिला त्याची गरजही नव्हती.

"मला आवडला सिनेमा," ती म्हणाली.

हवालदार वळून तिच्याकडे बघत राहिले.

"मी पोळ्या लाटत हुते, तवा तुमी मला सांगितलं न्हाई, मामा, कशापायी लाटतीया. माझ्या नवऱ्यासाठी कुनीतरी हात उगारला हुता, हे मला आज माइकवरनं कळतंय. इतकी वर्सं मला वाटायचं, समदी कशी गप बसली. तुमी सुदीक. तुमाला घास उतरला न्हाई, तुमचं खरं असंल. मला उतरला असता का न्हाई, त्ये मला बघू तरी द्यायचं हुतं."

एवढं बोलून ती निघून गेली. हवालदार माइक घेऊन तसेच उभे राहिले. मीच तो माइक त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

नंतरचे काही दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, असं शेजाऱ्यांकडून कळलं. मग एका सकाळी हवालदार माझ्या दारात. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सर, त्यो सिनेमा कुठं लागलाय का अजून?"

"तुम्हाला कशाला हवाय तो?"

"मला न्हाई. सुरेखाला परत बघायचाय. म्हनली, तुमी शेजारी बसा आन् गप बसा."

सांगलीतून तो केव्हाच उतरला होता. साताऱ्यात एका थिएटरात दुपारचा एक खेळ उरला होता. मी खेळाची वेळ काढून दिली आणि मोकळा होणार, तर ते म्हणाले, "तुमी बी चला. मदी कोनतरी पायजे." मी नाही म्हणू शकलो नाही, आणि आम्ही तिघं एसटीने साताऱ्याला गेलो.

थिएटरात बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. हवालदार खरोखर गप बसले. मांडीवर हात ठेवून, मान ताठ. काहिलीच्या प्रसंगालासुद्धा त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, मला मात्र हसू दाबावं लागलं. शेवटाकडे बाप आंघोळीला जातो, तेव्हा मागच्या रांगेतला एकजण मोठ्याने जांभई देऊन म्हणाला, "आवरा की आता, लय बोअर हाय राव!" हवालदार तिरमिरीसरशी मागे वळले. "गप बस की रं! बघू दे तिला!"

पडद्यावर सुनेने ताट वाढलं. सुरेखा डोळे न मिटता बघत होती. दिवे लागल्यावर मी सवयीने हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी निकाल दिला नाही. सुरेखाच्या तोंडाकडे ते कितीतरी वेळ बघत होते, पण विचारलं काहीच नाही.

परतीच्या गाडीत ते दोघं पुढच्या सीटवर बसले आणि मी त्यांच्या मागे. गाडी कराडहून सुटली आणि सुरेखाने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "काठी कुठली नेली हुती?"

हवालदारांनी सांगितलं. मग ती एकेक विचारत गेली. तो कुठल्या कुशीवर झोपला होता, त्याला उठवलं की झोपेतच मारलं, आसपासची माणसं धावली का, तुम्ही त्याला संतोषचं नाव सांगितलं का. ते प्रत्येकाचं उत्तर देत होते, हळू आवाजात, मध्येच थांबत. नाव सांगितलं होतं, म्हणाले. ते ऐकल्यावर ड्रायव्हरने मोडलेला हात पोटाशी धरला आणि मान खाली घातली. पुढे ते म्हणाले की हात चालेना म्हणून त्याच्या मुकादमाने त्याला हंगामाच्या मध्यातच घालवून दिलं, जतकडे कुठेतरी त्याचं घर होतं, ते शोधत दोनदा गेले, पण घराला कुलूप होतं. ही गोष्ट त्यांनी आमच्या सभेतही सांगितली नव्हती.

मग ते म्हणाले, "वाईट केलं गं मी."

"वाईट केलंत, मामा," सुरेखा म्हणाली. "पन केलंत."

हवालदारांनी डोकं पुढच्या दांडीवर टेकवलं आणि तिचा हात त्यांच्या पाठीवर गेला. मुलगा गेल्यापासून त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं असं म्हणणार नाही. मी मागच्या सीटवर होतो.