उजवा कौल

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी त्यांना बघून मला हसूच आलं. मी रत्नागिरीत पोलीस हवालदार. सरकारविरुद्ध फौज उभारणारा सेनापती आपल्या ताब्यात येणार म्हणून मिशीला पीळ देऊन बंदरावर गेलो, तर पडावातून उतरला एक काटकुळा माणूस, हातात छत्री!

दूरच्या डोंगरी मुलखात तीन वर्षं लढले होते. सरकारी शिपाई गावं जाळायला लागले तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली. फाशी टळली, आणि शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही या अटीवर ते आमच्याकडे आले. रोज सकाळी त्यांची सही घ्यायची आणि घरून येणारी हिंदीतली पत्रं फोडून वाचायची, ही माझी कामं. अकरा वर्षं केली. एवढ्या वर्षांत माणूस घरचा होतो हो. माझ्या बायकोच्या हातचे घावणे मिटक्या मारत खायचे आणि वर मलाच चिडवायचे, "हवालदार, तुमच्यासारखे आळशी शिपाई समोर असते तर मी जिंकलो असतो."

मग त्यांना छातीचा आजार जडला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावसाळा काढायचे नाहीत." घरी जाऊन मरू द्या, असा सेनापतींनी सरकारकडे अर्ज केला. महिना झाला तरी उत्तर नाही. तिकडून त्यांच्या बायकोचं पत्र आलं, मी निघू का? तिला यायला मनाई नव्हती. पण ती निघाली आणि इकडे यांना सोडलं, तर वाटेतच चुकामूक व्हायची. पाऊस लागला की आगबोटी बंद. ठरवायचं ते आत्ताच.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. शेकडो माणसांना हुकूम देणारा माणूस, आणि मला विचारत होता!

आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. मी गावी गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, यांची सुटका होईल का, आणि देवाच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचे आधी पडले तर होय, डावीकडचे पडले तर नाही. बराच वेळ काही हलेना. मग उजवीकडचे पडले. मी धावतपळत परत आलो. "सेनापती, सुटलात तुम्ही!"

"तुमचा देव आधी भेटायला हवा होता," ते हसून म्हणाले, पण डोळे भरले होते. त्याच दिवशी त्यांनी लिहिलं, निघू नकोस, मीच येतो.

वैशाखात अर्ज नामंजूर होऊन आला. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून उशाखाली ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. अग्नी मीच दिला. साहेबाने विचारलं, तू कोण त्याचा? काय सांगणार, कप्पाळ!

आठवड्याने तिचं पत्र आलं. नियमाप्रमाणे मीच फोडलं. 'बोचकं बांधून बैलगाडीत ठेवलं होतं, तेवढ्यात तुमचं पत्र मिळालं. सामान उतरवलं. अंगण सारवून ठेवलं आहे. कोणत्या दिवशी येता ते कळवा, म्हणजे स्टेशनावर गाडी पाठवते.'

कळवणारा मीच उरलो होतो. तीनदा कागद घेऊन बसलो. पत्ता तेवढा लिहून झाला.