दारव्ह्याच्या जीपमध्ये समुद्राचा तळ

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की खोल समुद्राच्या तळाचा निकाल नुकताच यवतमाळ-दारव्हा जीपमध्ये लागला.

निकाल देणाऱ्या बाई माझ्या शेजारी होत्या. नाव विचारायला त्यांनी उसंतच दिली नाही. मांडीवरच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, दाणे सगळ्या जीपला वाटायचे आणि समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारून चौकशी करायची. भाचीसाठी स्थळ शोधत होत्या. समोर सापडला सुट्टीवर आलेला तरुण, मासेमारीच्या मोठ्या बोटीवर नोकरीला. गाव, शेती, पगार, सगळं पास झालं. "जमलं समजा, भाऊ!" त्या माझ्या कानात म्हणाल्या.

मग लाडाने विचारलं, "तिथं काम काय करतं, बाबू?"

पोरगा फुलला. "मावशी, आमचं जाळं पार समुद्राच्या तळाले टेकते. खाली लोखंडी साखळ्या. ओढत नेलं का मासे, पिल्लं, शेकडो वर्षांची पोवळ्याची झाडं, सारंच उखडून येते. तळ सपाट!"

"पिल्लं अन् झाडं इकता काय?"

"नाही, फेकून देतो."

शेंग फोडता फोडता बाईंचा हात थांबला. आमच्याकडे समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा रंग. त्याच्यापायी लग्न मोडेल असं कुणाला वाटलं असतं? पण बाई अख्ख्या जीपला ऐकू जाईल अशा कडाडल्या,

"अरे, कापूस वेचताना आम्ही पऱ्हाटीची फांदी मोडू देत नाही, अन् तू सारं वावरच उपटून नेतं? तुले भाची देऊ काय मी!"