आवाज गिळणारी केशरबाई

मिरजगावच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या केशरबाईला भोंग्याची गरज कधी पडली नाही. तिनं हाळी दिली की लांबचं गिऱ्हाईक पिशवी उघडूनच यायचं. त्याच आवाजानं आपली भाची पडते, हे मात्र तिच्या ध्यानात यायला लई उशीर झाला.

भाची धनश्रीला सेरेब्रल पाल्सी. जन्मताना श्वास अडकला, मेंदूला इजा झाली, पाय आखडून बसले. चालताना टाचा टेकत नसत, गुडघ्याला गुडघा घासायचा. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरगी आत्याच्या काखेत. यंदा मात्र आत्याचेच गुडघे गेले.

भाऊ बिभीषण म्हणाला, "आक्का, तुला आता ती उचलत न्हाई. येकली शाळंत गेली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर टोळीसंगं नेतो."

"नेतो म्हनं! फडात तिचा व्यायाम कोन घेनार, मुकादम?"

केडगावच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी पट्ट्यांचे बूट दिले. त्यांच्या खोलीत पोरगी न पडता फेऱ्या मारायची. घरच्या गल्लीत आली की आपटायची. केशरबाईनं बुटाला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या. शेवटी बाईंनी चालतानाचा व्हिडिओ मागवला आणि फोन केला.

"मावशी, पाय बघू नका. नुसता आवाज ऐका."

केशरबाईनं ऐकलं. पोरगी जरा डुलली की गल्ली ओरडत होती, "पडशील गं!" सगळ्यांच्या वर तिचा स्वतःचा आवाज.

"एकदम आवाज झाला की तिचं अंग दचकून ताठतं," बाई म्हणाल्या. "मग तोल सावरणार कसा?"

"मंजी मीच पाडते व्हय तिला?" केशरबाईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरोघरी दम दिला. "पोरगी रस्त्याला आली की तोंडं बंद. जो पडशील म्हनंल, त्याला मी पाडीन."

शेजारची छबूबाई म्हणाली, "आन तुझं तोंड कोन बंद करनार?"

त्याला इलाज एकच. केशरबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोरगी चालायची, आत्या मागं मुकी. हळूहळू पडणं कमी झालं. पडली तरी उठायचं कसं, ते बाईंनी शिकवलं होतं.

टोळीचा टेम्पो निघायच्या दिवशी धनश्री दप्तर घेऊन निघाली. बिभीषण ओट्यावर उभा, शेजारी तोंडात बोळा कोंबून केशरबाई. पिठाच्या गिरणीपाशी एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न मारला. पोरगी ताठली, कलली. बिभीषणनं तोंड उघडलं, तोच केशरबाईचा तळवा त्यावर बसला.

पोरगी पडली. हातावर पडली.

छबूबाई चाळणी धरून जागीच. कुणी हललं नाही. धनश्री गुडघ्यावर आली, एक पाय पुढं रोवला, जोर करून उठली. हात झटकले. मोटारसायकलीकडं बघून काहीतरी पुटपुटली, ते आत्याकडूनच शिकलेलं असणार. मग डुलत डुलत शाळेच्या फाटकाला जाऊन भिडली. फाटक दोन्ही हातांनी घट्ट धरून मागं वळली.

"आत्या, आता वरड की!"

केशरबाईनं बोळा काढला आणि अशी हाळी दिली, की शाळेच्या लिंबावरचे कावळे उडाले. पोरगी दचकली, पण फाटक हातात होतं. ती हसत आत गेली.

"वरडती लई," बिभीषण पुटपुटला, आणि टेम्पोत टाकलेलं पोरीचं गाठोडं खाली काढायला गेला.